चवड्यातली दुखरी नस: मॉर्टन्स न्यूरोमाच्या ऑपरेशनचा निर्णय, तयारी आणि नंतरचे महिने

चालता चालता बुटात खडा गेल्यासारखं वाटतं. थांबून बूट काढून झटकला तर आत काहीच नसतं. चवडा जरा चोळला की बरं वाटतं, आणि बूट पुन्हा घातला की थोड्याच वेळात तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधोमध आग, मुंग्या, कधी सरळ करंट बसल्यासारखी कळ. असं महिनोन् महिने चाललं असेल तर मॉर्टन्स न्यूरोमाची शंका घ्यायला जागा आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो.

तळव्यातून बोटांकडे जाणाऱ्या नसा चवड्याच्या लांब हाडांच्या मधून पुढे सरकतात. या हाडांची डोकी एकमेकांना बांधून ठेवणारा एक आडवा, चिवट पट्टा असतो आणि नस त्याच्या खालून जाते. अरुंद बूट, उंच टाच, चवड्यावर सतत भार, या सगळ्यात ती पट्ट्याच्या कडेवर घासत राहते. कालांतराने तिच्याभोवती जाड, तंतुमय वेष्टण तयार होतं. डॉक्टर त्यालाच गाठ म्हणतात. ती कॅन्सरची नसते आणि पुढेही कॅन्सर होत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमधली फट ही तिची नेहमीची जागा, त्याखालोखाल दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमधली.

ऑपरेशन करून ही नस कापून काढता येते आणि बहुतेकांना चांगला आराम पडतो. साधारणपणे दहांतले आठ जण समाधानी असतात. उरलेल्या दोघांचं काय होतं, हे मात्र ऑपरेशनच्या आधीच समजून घ्यायला हवं. माझं मत स्पष्ट आहे: या ऑपरेशनचं यश बरंचसं टेबलावर जाण्याआधीच ठरतं. दुखणं खरोखर त्याच नसेचं असेल तर चाकू कामाचा. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली या दुखण्याचं वर्णन केलं, पण दोष दिला चौथ्या बोटाच्या बुडाच्या सांध्याला, आणि उपाय म्हणून तो सांधाच काढला. नसेवरची ही जाडी त्याआधीच, १८३५ मध्ये, इटलीतल्या पिसा इथे फिलिप्पो चिविनिनी यांनी शवविच्छेदनात पाहिलेली होती.

पहिली पायरी: दुखणं नक्की कुठलं?

चवडा दुखण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच या ऑपरेशनने बरी होत नाहीत. दुखणं दुसऱ्या बोटाच्या बुडाशी असेल, बोट सुजलं असेल किंवा हळूहळू वर उचललं जाऊन शेजारच्या बोटाकडे झुकत असेल, तर सांध्याखालची जाड पट्टी फाटलेली असू शकते. अचानक चालणं वाढवल्यावर, उदाहरणार्थ तयारी न करता वारीला गेल्यावर, चवड्याच्या वरच्या बाजूला एका हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याचा संशय घ्यावा. सकाळी उठल्यावर सांधे आखडतात आणि दोन्ही पायांचे चवडे दुखतात, तर संधिवाताच्या तपासण्या आधी.

सगळ्यात मोठी गफलत होते ती नसांच्या इतर आजारांत. मधुमेहात आग आणि मुंग्या दोन्ही पायांना येतात, बोटांच्या टोकांपासून मोज्यासारख्या वर चढतात आणि रात्री पलंगावरही छळतात. न्यूरोमा सहसा एका पायात, एका फटीत असतो आणि अनवाणी बसलं की शांत होतो. बी-१२ ची कमतरता, दारू, कमरेतून दबलेली नस, घोट्याच्या आतल्या बाजूला दबलेली नस, यांतही तळपायाची आग होते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कुष्ठरोग. त्यात घोट्यामागची नस जाड होऊन तळवा बधिर होऊ शकतो. अंगावर कुठे बधिर, फिकट चट्टा असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

डॉक्टर तपासताना एका हाताने चवडा दोन्ही बाजूंनी दाबतात आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्याकडून त्या फटीत दाब देतात. गाठ सटकल्याचा ‘टक्’ असा झटका बोटाला जाणवतो. १९५१ मध्ये मुल्डर यांनी वर्णन केल्यामुळे ही खूण त्यांच्या नावाने ओळखली जाते. नुसत्या ‘टक्’ला अर्थ नाही, तो निरोगी पायातही जाणवतो. त्यासोबत तुमची नेहमीचीच कळ उठली पाहिजे.

उभं राहून काढलेला पायाचा एक्स-रे हवाच. त्यात न्यूरोमा दिसत नाही, पण हाडांचं आणि सांध्यांचं दुखणं कळतं. सोनोग्राफी अनुभवी हाताने केलेली असेल तर उत्तम. एमआरआय शंका असेल तेव्हा. काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही अशी गाठ सापडते, त्यामुळे ‘रिपोर्टमध्ये गाठ आहे, काढून टाका’ एवढ्यावर कुणी तारीख देत असेल तर जरा थांबा. रक्तात एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि बी-१२ पाहून घ्यावं.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती एक साधी चाचणी. संशय असलेल्या फटीत, पायाच्या वरच्या बाजूने, लिग्नोकेनसारखं बधिर करणारं औषध अगदी थोडं, एक-दोन मिली, टोचतात. मग ज्या बुटात दुखतं तेच बूट घालून चालायचं, जिना चढायचा, चवड्यावर उभं राहायचं. म्हणून त्या दिवशी सैल चप्पल घालून दवाखान्यात जाऊ नका, त्रास देणारा बूट पिशवीत न्या. त्या तासाभरात दुखणं जवळजवळ पूर्ण गेलं तर ऑपरेशनचा विचार पुढे न्यावा. अर्धंच गेलं किंवा काहीच फरक पडला नाही, तर नस कापूनही त्याहून वेगळं काही घडण्याची आशा कमी. औषध जास्त भरलं तर शेजारच्या फटीही बधिर होतात आणि चाचणी फसवते, म्हणून मात्रा थोडीच हवी.

दुसरी पायरी: ऑपरेशनआधीचे उपाय खरंच करून झालेत का?

‘सगळं करून पाहिलं’ असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रत्यक्षात गोळ्या घेतलेल्या असतात आणि बूट तोच असतो. तीन ते सहा महिने नीट प्रयत्न हवा, आणि त्याची सुरुवात पायातल्या वस्तूपासून. बुटाचा पुढचा भाग रुंद हवा, टाच कमी, तळ जाड. वहीच्या कागदावर उभं राहून पायाची कडा पेन्सिलीने काढा, त्यावर बूट ठेवा. पेन्सिलीची रेघ बुटाबाहेर दिसत असेल तर तो बूट तुमचा नाही. कोल्हापुरी चप्पल बोटं दाबत नाही हे खरं, पण तिचा तळ पातळ आणि कडक, त्यामुळे फरशीवर आणि डांबरावर चवड्याला सगळा धक्का बसतो. घरात अनवाणी फिरण्याऐवजी मऊ, जाड तळाची वेगळी चप्पल ठेवा.

चवड्याची गादी, म्हणजे बुटाच्या आतल्या तळावर चिकटवायचा छोटा उंचवटा, हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. दुकानात तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी चिकटवून देतात. तो दुखऱ्या जागेच्या खाली नाही, किंचित मागे, टाचेच्या बाजूला हवा. तेव्हाच हाडांची डोकी थोडी फाकतात आणि नसेवरचा दाब कमी होतो. जागा ठरवायला ओल्या कुंकवाचा ठिपका तळव्याच्या दुखऱ्या जागी लावा, बुटात पाय घालून उभे राहा, आतल्या तळावर डाग उमटेल. उंचवट्याची पुढची कड त्या डागाच्या मागे यायला हवी.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही महिने आराम पडतो, काहींना त्याहून जास्त. पण ते पुन्हा पुन्हा घेत राहणं बरं नाही. चवड्याखालची नैसर्गिक चरबी पातळ होते, सांध्याची पट्टी कमजोर होऊ शकते आणि सावळ्या कातडीवर पांढुरका डाग राहतो. दोन-तीनपेक्षा जास्त इंजेक्शनं सुचवली जात असतील तर कारण विचारा. प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारख्या गोळ्या आग कमी करतात, दाब नाही. मोठ्या शहरांत रेडिओफ्रीक्वेन्सीने नस जाळणं किंवा अल्कोहोलची इंजेक्शनंही मिळतात. काहींना उपयोग होतो, पण निकाल एकसारखे नाहीत.

तिसरी पायरी: कुठलं ऑपरेशन?

सर्जनला हे नेमकं विचारायचं: नस कापणार की मोकळी करणार, आणि चीर पायाच्या वरून की तळव्यातून?

नस कापणं हे सगळ्यात जास्त केलं जाणारं ऑपरेशन. पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या फटीपासून मागे तीन-चार सेंटिमीटरची चीर घेतात, आडवा पट्टा कापतात, जाड झालेली नस वेगळी करतात आणि पट्ट्याच्या बऱ्याच मागे, साधारण दोन-तीन सेंटिमीटरवर, कापतात. किती मागे कापली याला फार महत्त्व आहे. कापलेल्या नसेचं टोक पुन्हा वाढायचा प्रयत्न करतंच. ते हाडांच्या डोक्यांखाली, जिथे वजन पडतं तिथे राहिलं, तर नवी दुखरी गाठ तयार होते. ते मागे, स्नायूंच्या मऊ भागात सरकलं पाहिजे. काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. तो नसेचाच होता हे कागदावर येतं.

तळव्यातून चीर घेतली तर नस थेट समोर सापडते आणि पट्टा कापावा लागत नाही. पण व्रण तळव्यावर येतो, तो कधी कधी कडक, टोचरा होतो, आणि दोन-तीन आठवडे त्या पायावर वजन देता येत नाही. पहिल्या वेळेला बहुतेक सर्जन वरून जाणंच पसंत करतात.

तिसरा मार्ग फक्त पट्टा सोडवण्याचा. नस शाबूत राहते, संवेदनाही टिकते. गाठ लहान असेल तर हा पर्याय जरूर विचारावा. कधी शेजारची हाडं फार लांब असतील तर ती किंचित आखूड करण्याचा सल्ला मिळतो, पण ते हाडाचं ऑपरेशन आहे आणि बरं व्हायला वेळही हाडाचाच लागतो.

आता सौद्याची बाजू. नस कापली की समोरासमोरच्या दोन बोटांच्या आतल्या कडा बधिर होतात, आणि हा बधिरपणा कायमचा असतो. बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते. काहींना मात्र बोटांमध्ये काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं. म्हणजे तुम्ही दुखण्याच्या बदल्यात बधिरपणा घेत आहात. मधुमेह असणाऱ्यांनी हा हिशेब दोनदा करावा, कारण बधिर बोटाला लागलेली जखम उशिरा कळते. शेजारशेजारच्या दोन्ही फटींतल्या नसा एकाच वेळी काढायच्या म्हटलं तर मधलं बोट जवळजवळ पूर्ण बधिर होतं. अशा वेळी दुसऱ्या सर्जनचं मत घेतलेलं बरं.

सर्जन निवडताना हॉस्पिटलच्या इमारतीकडे पाहू नका. अशी ऑपरेशनं ते वर्षात किती करतात, दुखणं परत आल्यास काय करतात, हे विचारा. अस्थिरोगतज्ज्ञांमध्ये पाय आणि घोट्यावरच काम करणारे आता मोठ्या शहरांत मिळतात.

चौथी पायरी: आधीचा आठवडा

हे बहुधा डे-केअर ऑपरेशन असतं, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. विमा असेल तर डे-केअरची मंजुरी आधीच घ्या आणि ‘किती महिन्यांपासून दुखतंय’ हे केसपेपरवर बरोबर लिहिलंय ना ते पाहा. तिथली चुकीची तारीख नंतर दाव्यात अडचण करते.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी सुरू केल्या त्यांना विचारा. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, त्या घेत असाल तर नाव सांगायला विसरू नका. साखर आटोक्यात नसेल तर तारीख पुढे ढकला, हे तातडीचं ऑपरेशन नाही. विडी-सिगारेट आणि मिश्री दोन्ही बंद. निकोटिनमुळे पायाकडचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम रेंगाळते. मिश्री लावणाऱ्या बायका ती तंबाखूत मोजतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर आधी त्या बऱ्या करा. चीर त्याच जागेजवळ येणार असते. जमत असेल तर पावसाळा टाळा. जोडवी आदल्या दिवशीच घरी काढा. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी सुजलेल्या बोटातून निघत नाहीत, आणि मग ऑपरेशनच्या सकाळी ती कापावी लागतात.

भूल बहुतेकदा घोट्याभोवती इंजेक्शनं देऊन पाय बधिर करण्याची असते, कधी पाठीतून. दोन्हीसाठी उपाशी राहायला सांगतात: अन्न सहा तास, साधं पाणी दोन तास. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो अन्नात मोजतात. पहाटेच्या ‘फक्त अर्धा कप’ चहामुळे ऑपरेशन पुढे जातं.

घरी आधी करून ठेवायची सोय: कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा, कारण उकिडवं बसताना सगळा भार चवड्यावर येतो. अंघोळीसाठी प्लास्टिकचं स्टूल, पायावर चढवायला मोठी पिशवी, दोन जाड उशा.

पाचवी पायरी: ऑपरेशनचा दिवस आणि पहिले पंधरा दिवस

ऑपरेशन अर्धा-पाऊण तासाचं. कुठला पाय, कुठली फट, हे भूल देण्याआधी, तुम्ही शुद्धीत असताना, पेनाने खूण करून घ्या. सर्जन स्वतः विचारतातच, नाही विचारलं तर तुम्ही सांगा.

घोट्यातली भूल बरेच तास टिकते. पाय अजिबात दुखत नाही म्हणून लोक गोळी घेत नाहीत आणि मध्यरात्री एकदम ठणका सुरू होतो. भूल उतरायच्या आत दिलेली गोळी घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय टाकणं पुरेसं नाही, सूज त्याने उतरत नाही. वरून चीर असेल तर त्याच दिवशी दवाखान्याने दिलेल्या कडक तळाच्या बुटात टाचेवर भार देत संडासापर्यंत चालता येतं, तेवढंच चाला. न बांधलेली बोटं दिवसातून अनेकदा हलवा.

ड्रेसिंग कोरडं ठेवणं हे पंधरा दिवसांचं मुख्य काम. जखमेवर हळद, तेल, लेप काहीही लावू नका. घरातली वडीलधारी मंडळी प्रेमाने आग्रह करतील, त्यांना नम्रपणे थांबवा. टाके साधारण बारा ते चौदा दिवसांनी निघतात, तळव्यातले त्याहून उशिरा.

पुढचं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा: ताप, पू, वाढती लाली, बोट निळसर किंवा गार पडणं, पोटरी सुजून दुखणं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

सहावी पायरी: आठवडे आणि महिने

टेबलावर बसून काम असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत जाता येतं. नर्स, कंडक्टर, शिक्षक, पोलीस, दुकानात उभं राहणारे, यांनी चार ते सहा आठवडे धरून चालावं. दुचाकीचा गिअर डाव्या पायाच्या चवड्यानेच पडतो, त्यामुळे डाव्या पायाचं ऑपरेशन असेल तर स्कूटर आधी, मोटरसायकल नंतर. उजवा पाय असेल तर ब्रेक जोरात, न कचरता दाबता येईपर्यंत गाडी नाही. ते करून बघायला रस्ता ही जागा नव्हे, उभ्या गाडीत दाबून पाहा.

सूज सगळ्यांनाच अधीर करते. तीन-चार महिने संध्याकाळी पाय भरून येणं नेहमीचं आहे, म्हणून नवे बूट लगेच विकत घेऊ नका. रुंद स्पोर्ट्स शूज सैल लेसवर साधारण महिन्यानंतर चढतात. जखम पूर्ण भरल्यावर, खपली पडल्यावर, खोबरेल तेलाने व्रणावर रोज थोडं चोळलं की तो खाली चिकटत नाही. पळणं, फुगडी, गड चढणं तीन महिन्यांनंतर. वारीची तयारी करणाऱ्यांनी त्याही पुढचं वर्ष धरावं, आळंदी ते पंढरपूर चालणं हा पायाला पहिला सराव म्हणून देऊ नये. देवळातली अनवाणी प्रदक्षिणा तापलेल्या फरशीवर टाळा. बधिर बोटाला चटका कळत नाही, आणि त्याच कारणाने रोज झोपताना बोटांच्या फटी उजेडात पाहण्याची सवय लावून घ्या.

दुखणं राहिलं किंवा परत आलं तर

पहिल्या काही आठवड्यांत मूळचंच दुखणं जसंच्या तसं असेल तर दोन शक्यता आधी तपासतात: निदान वेगळं होतं, किंवा शेजारच्या फटीतही गाठ आहे. काही महिने चांगले गेले आणि मग व्रणाच्या मागे एका ठिकाणी बोट टेकवताच करंट येऊ लागला, तर कापलेल्या टोकावर गाठ झाल्याची शंका येते. तिसरी गोष्ट कमी दिसते, पण ओळखायला उशीर नको: चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, पाय कधी लाल-गरम, कधी निळसर-गार, घाम वेगळा येतो, आणि वेदना जखमेच्या मानाने फारच जास्त. अशा वेळी लगेच वेदनातज्ज्ञ आणि फिजिओथेरपी हवी, दुसरं ऑपरेशन नव्हे.

टोकावरच्या गाठीसाठीही आधी बूट, गादी, गोळ्या आणि इंजेक्शनची चाचणी हाच क्रम पुन्हा चालतो. दुसरं ऑपरेशन करायचंच झालं तर ते बहुधा तळव्यातून करतात, नस आणखी मागे कापून टोक स्नायूत पुरतात. त्याचं यश पहिल्यापेक्षा कमी असतं, म्हणून ते पायाचंच काम करणाऱ्या सर्जनकडे करावं. जाताना पहिल्या ऑपरेशनची टिपणं आणि काढलेल्या तुकड्याचा लॅब रिपोर्ट सोबत न्या. डिस्चार्ज कार्डावर सहसा एक ओळच असते, पूर्ण नोंद हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून मिळते.